उपरण्याखालचा तिसरा हात

धंद्याला स्वातंत्र्य लागतं का, यावर माझा नातू आणि त्याचे मित्र ओट्यावर बसून वाद घालत होते. भांडवलशाही, अमुकशाही, तमुकशाही. मी आत लसूण सोलत होते. एक म्हणाला, राजा कसाही असो, बाजार चालू असला म्हणजे झालं. दुसरा म्हणाला, माणूस मोकळा नसेल तर बाजार टिकणारच नाही. दोघांपैकी एकानंही कधी भाजीचा भाव केलेला नाही. मी आतूनच म्हटलं, "चालतो रे बाबांनो. चांगला चालतो. मी बघून आलेय." ते हसले. आजी परदेशात कधी जाऊन आली म्हणे!

परदेशात नाही, मी नेवाशाच्या पलीकडे जाऊन आले होते. आता केडगावातून लोक गाडीत बसतात, शिंगणापूरला जातात, तेल वाहतात आणि दुपारच्या जेवणाला घरी येतात. आम्ही त्याच रस्त्यानं बैलगाडीनं गेलो. तेव्हाचा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यामुळे शब्दांचे फुलोरे मिळायचे नाहीत.

नगर

लढाई चालू होती. नगरच्या किल्ल्यात देशाचे पुढारी कोंडलेले होते आणि बाहेर आम्ही रॉकेलसाठी रांगेत उभ्या होतो. आमचं घर कोष्ट्यांचं. घरात खड्डामाग होते, पुढच्या खोलीत लुगड्यांचं छोटं दुकान होतं. मामा, म्हणजे माझे सासरे दगडूशेट, आणि माझे मालक मागावर बसत. सासूबाई कांड्या भरत. सुताला रंग आणि खळ देण्याचं काम माझ्याकडे होतं. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज करून सूत तिच्यात बुडवायचं, पिळायचं, ताणून वाळवायचं. खळ बिघडली तर धागा मागावर तुटत राहतो आणि विणणारा खळ देणारीच्या माहेरचा उद्धार करतो. माझ्या माहेराला कोणी कधी बोललं नाही, एवढंच सांगते.

बेचाळीस साली पुढाऱ्यांना पकडल्याची बातमी आली तेव्हा बाजार बंद झाला. मामांनीही दुकानाला कुलूप लावलं. ते काही चळवळीतले नव्हते. खादीसुद्धा वापरत नव्हते. खादी जाड असते आणि आपण बारीक विणतो, असं म्हणत. पण सगळ्यांनी बंद ठेवलं, म्हणून त्यांनीही ठेवलं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून माणूस आला. बंद ठेवायला कोणी सांगितलं ते नाव द्या, म्हणाला. मामा म्हणाले, "दुकान माझं, कुलूप माझं. सांगायला कोण लागतं?"

तेवढ्या एका वाक्यावर पुढं आमचे माग थांबले. सूत तेव्हा परमिटावर मिळायचं, आणि आमचं परमिट काही निघेना. आज या, उद्या या. ज्यांनी त्या दिवशी दुकान उघडं ठेवलं होतं त्यांना सूत मिळत होतं, आणि लष्कराची कामंही मिळत होती. मागाच्या खड्ड्यात मांजर व्यायली. माझे मालक तालमीजवळच्या कारखान्यात विड्या वळायला जायला लागले. विणणाऱ्याची बोटं विडी वळायला बरी पडतात, असं तिथला मुकादम म्हणायचा.

अशात मामांच्या मित्राचा निरोप आला. रंगनाथकाका आणि मामा तरुणपणी एकाच घरात शेजारशेजारच्या मागांवर बसलेले. काका पुढं गंगेच्या काठी एका जहागिरीच्या गावात जाऊन राहिले. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या गावाचं नाव लिहीत नाही. जहागीर गेली, माणसं गेली, नातवंडं अजून आहेत. निरोप असा होता: इकडे सूत हवं तेवढं आहे, परमिट नाही, इंग्रजाचा कायदा नाही. माग उचला आणि या. घर देतो.

घरात सगळे जायला तयार होते. मी तर सगळ्यात आधी. रिकामा माग घरात असणं म्हणजे आजारी माणूस घरात असण्यासारखं आहे. जाता-येता त्याच्याकडे बघावं लागतं. मामा म्हणाले, "आधी बघून येतो. सरूला नेतो. खळ तिला द्यायची आहे, पाणी तिनं बघावं." सासऱ्याबरोबर सुनेनं प्रवासाला जायचं म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं. पण पाण्याचं कारण खरं होतं. नगरच्या कितीतरी विहिरी मचूळ, त्यात रंग मळका येतो.

बरोबर नमुन्याची थोडी लुगडी घेतली, शेवटच्या सुताची. मामा म्हणाले, बाजार बघायचा तर माल हातात पाहिजे. रिकाम्या हातानं बाजार कळत नाही.

घाट, आणि शिंगणापूर

गाडी रावबाची. तो घोडेगावचा, नगरला भुईमुगाच्या शेंगा टाकून रिकामा परत जात होता. बडबड्या. पौष महिना होता, घाटात वारा असा की कानाला फडकं बांधल्यावरही बोचायचा. घाट उतरताना चाकांना ओढण, म्हणजे अटकावाचं लाकूड, लावायला तो खाली उतरला आणि म्हणाला, "मामा, तुमी बी उतरा. बैलाला म्हातारा मानूस लई जड वाटतो."

"का रे? तुझ्यापेक्षा हाडकुळा आहे मी."

"इचार जड आसत्यात म्हाताऱ्याचे."

आम्ही चालत उतरलो. खाली ज्वारीची शेतं हिरवीगार उभी होती. एका शेताच्या कडेला लोक हुरडा भाजत होते. ओळख ना पाळख, त्यांनी हाक मारून बोलावलं. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारून तोंडात टाकायची. बरोबर लसणाची चटणी. माझे तळहात लाल झाले तरी मी थांबले नाही. घरी रेशनचं किडकं धान्य खाऊन आलेली होते. तो हुरडा आठवला की अजून तोंडाला पाणी सुटतं. आता दात नाहीत.

मुक्काम शिंगणापूरला रावबाच्या बहिणीकडे केला. तेव्हा त्या गावात ना दुकानं होती, ना रांगा. उघड्यावर उभी काळी शिळा, भोवती बाभळी आणि थोडी घरं. घरांना चौकटी होत्या, दारं नव्हती. कुत्रं आत येऊ नये म्हणून एक फळी आडवी लावलेली. मी ऐकून होते, पण दार नसलेल्या घरात निजायची वेळ आली तेव्हा झोप येईना. मी लुगड्यांचं गाठोडं उशाला घेतलं.

सकाळी रावबाच्या बहिणीनं ते बघितलं. "अगं बया, गाठुडं उशाला घिऊन निजलीस व्हय? मान आखडंल की."

मी म्हटलं, "सवय नाही हो."

"हितं कुनी काय नेत न्हाई. देव बघतो."

मामांनी चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "आणि तलाठी?"

ती हसली. "तलाठ्याला दार काय आन् भिताड काय! त्यो येतोच." मग जरा थांबून म्हणाली, "पन त्याच्याशी भांडता येतं. मागच्या साली म्या त्याला उखळाचं मुसळ दाखवलं हुतं. मारलं न्हाई. नुस्तं दाखवलं."

रावबा म्हणाला, "तवापासून त्यो आमच्या दाजीशी बोलतो, हिच्याशी न्हाई."

नेवाशात प्रवरेच्या पाण्यात अंघोळ केली, ज्ञानोबांच्या खांबाला डोकं टेकवलं. रावबा तिथून मागं फिरला. परतीला घोडेगावच्या बाजारात भेटू म्हणाला. पुढं जहागिरीच्या गावाकडे जाणारी दुसरी गाडी मिळाली. तिचा गाडीवान काही बोलत नव्हता. मामांनी त्याला पाऊस विचारला, पीक विचारलं. तो "बरं हाय," म्हणाला. गाव कसं आहे विचारलं. तेव्हाही "बरं हाय," म्हणाला. रावबाची बडबड ऐकून माझे कान किटले होते, पण तासाभरानं मला तीच बरी वाटायला लागली.

जहागिरीचं गाव

खरं सांगते, गाव बघून मी हरखले. रस्ते झाडलेले. पेठेत दुकानांची रांग, प्रत्येक दुकानात माल ठासून भरलेला. साखर पोत्यात उघडी ठेवलेली. नगरला साखर बघून किती दिवस झाले होते! मागांचा खटखट आवाज गल्लीगल्लीतून येत होता. तो आवाज ऐकून मामा रस्त्यातच उभे राहिले. किती तरी दिवसांनी ऐकत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. काही वेळा मोठ्या माणसांच्या तोंडाकडे बघू नये.

जहागीरदार काही राक्षस नव्हता. आपल्याच देवांना नैवेद्य दाखवणारा, देवळाला कळस चढवणारा, दुष्काळात विहिरी खणलेला माणूस, असं सगळे सांगत. मी त्याला बघितलंही नाही.

रंगनाथकाकांचं घर पक्क्या विटांचं. त्यांनी मामांना मिठी मारली आणि पाठीवर थापटत राहिले. "दगड्या, वाळलास की रे! चल, आधी जेव." गव्हाच्या पोळ्या, वर तूप, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, गूळ. काकू वाढायला. त्या मला म्हणाल्या, "लाजू नको, घे. पोळी मोजायची नाही इथं." आमच्याकडे पाव्हणा आला की पीठ बघावं लागायचं. मी किती पोळ्या खाल्ल्या ते सांगत नाही.

दुपारी मी पाणी बघितलं. पाणी बघायची आमची रीत सोपी. तुरीची डाळ शिजायला टाकायची. मचूळ पाण्यात ती तासन् तास टणक राहते. गंगेच्या पाण्यात ती बघता बघता विरघळली. मी पळीनं घोटायला गेले तर घोटायला काही उरलंच नव्हतं. मी बाहेर जाऊन सांगितलं, "मामा, पाणी सोनं आहे."

काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "सून शहाणी आहे तुझी! आता काय राहिलं बघायचं?"

मामा म्हणाले, "बाजार."

स्वयंपाकघरात मी आणि काकू तांदूळ निवडत बसलो होतो. त्यांनी विचारलं, "एवढ्या चांगल्या शहरातून इकडे का येताय?" मी सांगितलं, एक दिवस दुकान बंद ठेवलं म्हणून सूत बंद झालं. काकूंचे हात थांबले.

"दुकान बंद ठेवलं? स्वतःहून?"

"हो. सगळ्यांनीच ठेवलं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतायत. हसतच होत्या, पण गमतीनं नाही. म्हणाल्या, "माझ्या सासूबाई गेल्या तो बाजाराचा दिवस होता. वाड्यातून निरोप आला, बाजार मोडू नका. यांनी आईला आत झाकून ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत गल्ल्यावर बसले. गिऱ्हाइकांना पान-सुपारी दिली." मग सुपातला एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. "बाकी काही कमी नाही हो इथं. तू म्हणशील तसं लुगडं नेसते मी."

मला तेव्हा वाटलं, एका दिवसाचं काय ते. आयुष्यभर पोळी तर मिळते.

बाजार

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मोठा, गजबजलेला, लांबलांबचे व्यापारी आलेले. पण काहीतरी चुकत होतं, आणि ते काय हे मला बराच वेळ कळेना. मग कळलं. आवाज नव्हता. एवढी माणसं आणि कोणी ओरडत नव्हतं. आमच्या बाजारात कान बंद करून घ्यावेत असं वाटतं. तिथं बैलांच्या घुंगरांचासुद्धा आवाज स्पष्ट येत होता.

घाऊक मालाचे सौदे तेव्हा तोंडानं होत नसत. अजूनही बैलबाजारात ही रीत आहे म्हणतात. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात आणि आत बोटं धरून भाव करतात. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावरून आकडा समजतो. तळव्यावर मिटलेली मूठ ठेवली की सौदा नको. बाहेरून बघणाऱ्याला फक्त दोन चेहरे दिसतात, आणि चेहरे दगडासारखे ठेवायचे असतात. दोघांचा भाव दोघांत, म्हणून ती रीत. मामा त्यात तरबेज होते. सासूबाई म्हणत, यांच्या तोंडापेक्षा यांची बोटं जास्त बोलतात.

तिथंही उपरणी पसरलेली होती. मी कडेला एका बाभळीखाली बसून बघत होते. जालन्याकडचा एक व्यापारी मामांच्या समोर बसला. उपरणं टाकलं. दोघांनी हात आत घातले. आणि शेजारी बसलेल्या कारकुनानं, डोक्याला स्वच्छ पांढरं पागोटं, चेहऱ्यावर हसू, आपलाही हात आत घातला.

मामांनी हात झटकन बाहेर काढला. विंचू चावल्यासारखा.

"हा कोणाचा हात?"

कारकून सौम्यपणे म्हणाला, "वाड्याचा. इथं प्रत्येक सौद्यात असतो. वाड्याचा वाटा भावावर ठरतो, तेव्हा भाव कळायला नको?"

"मग तोंडानं विचारा. मी तोंडानं सांगेन."

"छे, तोंडानं कशाला? तोंडानं बोललं की वाद होतात. आमच्या बाजारात वाद नाहीत." त्यानं उपरणं पुन्हा सारखं केलं. "बसा दगडूशेट. घाला हात."

"मला नाही विकायचं."

आजूबाजूची उपरणी थांबली. कोणी मान वर केली नाही, पण सगळे ऐकत होते. कारकून अजून हसतच होता. "नवीन आहात. इथली रीत सांगतो. आत गेलेला हात सौदा करूनच बाहेर येतो. घेणाऱ्याचाही आणि देणाऱ्याचाही. वाड्यानं हात घातला, म्हणजे सौदा झाला. उठून जाता येत नाही."

"हात माझा आहे," मामा म्हणाले. "मी कधीही घालीन, कधीही काढीन."

हे ते मोठ्यानं बोलले. नगरमधल्या आवाजात. मी गाठोडं छातीशी धरून उभी राहिले. जालन्याकडचा व्यापारी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

रंगनाथकाका धावत आले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. एवढा मोठा शेट, पण कमरेत वाकलेला. "पाव्हणे आहेत, माझे आहेत, त्यांना ठाऊक नव्हतं. माल मी घेतला. सौदा झाला. लिहा माझ्या नावावर." त्यांनी स्वतःच मामांचा हात धरून उपरण्याखाली घातला, आपला घातला, कारकुनानं आपला घातला. क्षणभरात झालं. आमची लुगडी काकांच्या नोकरानं उचलली. कारकुनानं त्यांतलं एक चांगलं, जांभळ्या काठाचं, बाजूला काढून ठेवलं. वाड्यासाठी. कोणी त्याला किंमत विचारली नाही आणि त्यानं सांगितली नाही. माझ्या गाठोड्यात एक हिरवं लुगडं तेवढं उरलं, ते तळाशी होतं म्हणून.

तिथले व्यापारी गरीब नव्हते, हे पुन्हा सांगते. त्या जालनावाल्याच्या बोटात दोन अंगठ्या होत्या. धंदा त्यांचा जोरात चालला होता.

निरोप

संध्याकाळी वाड्यातून एक माणूस आला आणि ओसरीवर बसला. पाव्हण्यांच्या सोबतीला, म्हणाला. काकांनी त्याला पान दिलं. मग त्याच्यासमोरच दोघे मित्र बोलत बसले. मी दाराआड होते, सगळं ऐकू येत होतं.

काका म्हणाले, "तुझ्या इंग्रजानं तुला काय दिलं? एक दिवस कुलूप लावलंस तर माग उपाशी मारले. तिथं कुठलं मोठं तुझं राज्य आहे?"

मामा म्हणाले, "माझं नाहीच. म्हणून तर लोक किल्ल्यात बसलेत."

"त्यांना बसू दे. तू विणकर आहेस. इथं राजकारण करायचं नाही, एवढंच. बाकी हवं ते कर. हवं तेवढं विण, हवं तेवढं वीक."

"आणि नको वाटलं तर?"

"नको कशाला वाटेल?"

मला काकांचं पटत होतं. इंग्रजानंही आमचं सूत अडवलंच होतं की. दोन्हीकडे धंद्याची दोरी दुसऱ्याच्याच हातात. मग जिथं निदान गव्हाची पोळी आहे, तिथं का नको? मी मनात मागांच्या जागासुद्धा ठरवल्या होत्या, परसदारच्या खोलीत, उजेड होता तिथं.

सकाळी निघालो. वाड्याचा माणूस वेशीपर्यंत बरोबर आला. काकूंनी माझी ओटी भरली. काकांनी आपल्या खांद्यावरचं नवं उपरणं काढून मामांच्या हातावर ठेवलं आणि त्याखाली मामांचा हात दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. निरोप घेताना माणसं धरतात तसे. मोठ्यानं म्हणाले, "मग कधी येतोस बिऱ्हाड घेऊन? घर झाडून ठेवतो. उशीर करू नको हं!"

मामा म्हणाले, "बघतो."

"बघतो काय? यायचंच!" काका हसले. त्यांचे हात उपरण्याखालून लवकर निघाले नाहीत.

गाव मागं पडलं. त्या न बोलणाऱ्या गाडीवानाच्या गाडीत आम्हीही बोललो नाही. नेवाशाला उतरल्यावर न राहवून मी म्हटलं, "मामा, माझं ऐका. तुमचा मान मोठा असेल, पण घरात खाणारी तोंडं आहेत. काका एवढं म्हणतायत—"

"काका काय म्हणाले ते ऐकलंस?"

"ऐकलं की. यायचंच, म्हणाले."

"ते तोंडानं." मामांनी ते उपरणं गुडघ्यावर पसरलं, माझा हात ओढून त्याखाली घेतला. सुनेचा हात सासरे कधी धरत नाहीत. माझ्या तळव्यावर त्यांनी आपली मिटलेली मूठ ठेवली. घट्ट. एकदा दाबली, पुन्हा दाबली. "हे बोटांनी म्हणाला."

मग ते नदीच्या घाटावर जाऊन तोंड धुऊन आले. त्यांना बराच वेळ लागला. रंगनाथकाका त्यांना पुन्हा कधी भेटले नाहीत.

घोडेगाव

घोडेगावात बाजार भरला होता. अर्ध्या मैलावरून गोंगाट ऐकू आला. कांदेवाले, शेळ्यांवाले, मिरचीवाले, सगळे एकमेकांवर ओरडत होते. रावबा एका चाकवाल्याशी भांडत होता. आम्हाला बघून हात केला आणि भांडणाकडे परत वळला.

मामा म्हणाले, "ते हिरवं लुगडं काढ. विकून जाऊ."

"इथं कोण घेणार? बारीक सुताचं आहे."

"नाही घेतलं तर नाही. ओरड."

"मी?"

"मला ओरडता येत नाही. सवय नाही."

माझीही नव्हती. आमच्या घरातल्या बायका मागच्या दारानं पाणी आणणाऱ्या. पण मी लुगडं हातावर उलगडलं आणि ओरडले. पहिल्यांदा आवाज फाटला. शेजारचा मिरचीवाला म्हणाला, "बाई, जोरात! मेल्यावानी काय वरडती?" मी त्याच्या अंगावर ओरडल्यासारखी ओरडले. मग जमलं.

पाथर्डीकडची एक बाई आली. काळीसावळी, उंच, कपाळावर आडवं मोठं कुंकू, कडेवर पोर. लुगडं दोन बोटांत धरून चोळलं, उजेडात धरलं, काठाला वास घेतला.

"कितीला गं?"

मी किंमत सांगितली.

"आग्ग बाई! एवढ्यात बैलाचं शेपूट येतं."

"मग शेपूट नेस."

बाजूची माणसं हसली. ती चिडली नाही, उलट तिला जोर चढला. "तुज्या लुगड्याला काय जरीचा काठ हाय का? नुस्तं हिरवं. घासाची पेंडी बरी."

"घासाची पेंडी नेसून लग्नाला जा. नवरदेव चरायला येईल."

"जीब लई तिखट हाय गं तुजी! नवरा कसा नांदवतो?" ती मामांकडे वळली. "म्हाताऱ्या, ही तुजी कोन? लेक का सून?"

"सून," मामा म्हणाले.

"बिचारा!" तिनं एक भाव सांगितला. मी नाही म्हटलं. तिनं जरा वाढवला. मी जरा उतरवला. पाच-पंचवीस माणसं जमली, जो तो आपापला भाव सांगायला लागला. कोण म्हणे बाईला लुबाडती, कोण म्हणे सूत बघा की. मिरचीवाला माझ्या बाजूनं बोलत होता. एक पोलीस गर्दी बघून आला, लुगडं बघितलं, कंटाळून गेला. आम्ही अगदी जवळ आलो होतो, आता घेईल, आता घेईल. मग ती लुगडं माझ्या हातावर टाकून म्हणाली, "न्हाई परवडत. चालले."

आणि गेली. पोर कडेवर सावरत, गर्दीतून वाट काढत. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं, हात उडवला आणि कांद्याच्या ढिगामागं दिसेनाशी झाली.

मी मामांकडे बघितलं. म्हातारा हसत होता. आवाज न करता, खांदे हलेपर्यंत. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "गेली," ते म्हणाले. "बघितलंस? सरळ उठून गेली."

मला फार राग आला. गिऱ्हाईक हातचं गेलं, घरी दाणा नाही, माग मोकळे, आणि यांना हसू येतंय. मी त्या लुगड्याची रागारागानं घडी घातली. घडीसुद्धा नीट बसली नाही.

ते पुढं मीच नेसले. विणणाऱ्याच्या घरातल्या बाईनं विक्रीचं लुगडं नेसायची आमच्यात रीत नव्हती. सासूबाई बोलल्या, मामांनी त्यांना गप्प केलं. आम्ही कुठं गेलो नाही. सूत पुष्कळ दिवसांनी मिळालं, तोवर विड्या वळल्या. लुगडं बरीच वर्षं टिकलं.